बिलात लावलेली बक्षिशी

काल बिलासोबत आलेल्या बडीशेपेच्या वासानं मध्यभारत राज्याच्या काळातलं, माझ्या लहानपणचं, राजवाड्याजवळचं एक हॉटेल आठवलं. तिथे वेटरची बक्षिशी आधीच बिलात लावत. आईला ते संशयास्पद वाटे. एकदा तिनं गल्ल्यावरच्या शेटजींसमोरच पिकल्या मिशांच्या वेटरला विचारलं, "भिया, हे पैसे तुम्हाला मिळतात ना?"

"पूरे मिलते हैं, बाईसाहेब," तो शेटजींकडे बघत म्हणाला.

"मग तिकडे काय बघता?"

शेटजी हसले, वेटर हसला नाही. आईचा ठसका मला फार आवडला.

पुढच्या खेपेला तो दिसला नाही. "गौतमपुरा गया, खेती करने," शेटजी म्हणाले. भर वैशाखात कसली शेती, असं आई घरापर्यंत पुटपुटत होती.

तो प्रश्न मी अजूनही विचारते, पण मालक जवळ नसताना.