हप्त्यांवरच्या फोनचं औक्षण

आमच्या घरचा फोन परत घ्यायला दुकानाने नकार दिला, त्याचं एक कारण ‘चार्जिंगच्या भोकात तीळ सापडला’ असं होतं. दुसरं कारण मी जरा वेळाने सांगते, कारण ते ऐकून मी भर दुकानात जो आवाज चढवला होता, त्याची मला अजून लाज वाटते.

फोन माझ्या सासूबाईंचा. त्यांना घरात, बिल्डिंगमध्ये आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडेही सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणते. माझं माहेर पुण्याचं. सासर मात्र बंगळूरमध्ये तीन-चारशे वर्षं मुरलेलं मराठी घराणं. आता राहतो सर्जापूर रोडवरच्या नव्या सोसायटीत, पण घरातली भाषा जुनीच आहे, मराठीच्या कढईत कन्नडची फोडणी घातलेली. अक्का ‘सरी’ म्हणाल्या की विषय संपला, पुढे बोलायचं नाही, एवढं कन्नड मी लग्नानंतर महिनाभरात शिकले.

आता स्कीमबद्दल. मला स्कीम आवडतात. साबणावर साबण फुकट असला तर मी दोन्ही साबणांच्या मागचा बारीक मजकूर वाचते. त्यामुळे ‘दरवर्षी नवा फोन’ ही स्कीम दिसली तेव्हा ती जणू माझ्यासाठीच काढली आहे असं मला वाटलं. वर्षभर हप्ते भरायचे, वर्ष संपलं की फोन चांगल्या अवस्थेत परत द्यायचा, उरलेले हप्ते माफ, आणि नवा फोन घेऊन नवे हप्ते सुरू. म्हणजे फोन कधीच आपला होत नाही आणि हप्ते कधीच संपत नाहीत. हे मला आता कळतंय. तेव्हा मी ही स्कीम नवऱ्याला दोनदा समजावून सांगितली होती आणि वर ‘तुला फायनान्समधलं कळत नाही’ असंही म्हणाले होते. (सुहास बँकेत कर्जविभागात आहे.)

पहिला फोन घेतला अक्कांसाठी आणि महिनाभराने दुसरा माझ्यासाठी. अक्कांना चांगला फोन हवाच होता. माझी नणंद विद्या टोरांटोला असते. तिची मुलगी चिऊ तिकडेच जन्मली. अक्कांच्या गुडघ्यांना एवढा विमानप्रवास झेपणारा नाही आणि विद्याला अजून सुट्टी मिळालेली नाही, त्यामुळे अक्कांनी नातीला एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. त्यांचं सगळं आजीपण त्या फोनमध्ये. चिऊला पहिली दाढ आली ती अक्कांनी फोनवर पाहिली, चिऊ पहिलं पाऊल टाकून पडली ती फोनवर, आणि तिला उचलायला म्हणून अक्का खुर्चीतून उठल्या त्या इकडे.

चिऊच्या पहिल्या वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात हा फोन आला होता. त्यामुळे तो परत द्यायची मुदत संपत होती नेमकी तिच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या दिवशी. (मुदत आठवडाभराची होती. तो आठवडा मी ‘उद्या जाऊ’ म्हणत घालवला.)

“आजच द्यायला हवा का गं, मुग्धा?” अक्कांनी सकाळी विचारलं. “संध्याकाळी चिऊला ओवाळायचंय. आजवर एकदा चुकलं नाही बघ.”

“अक्का, अर्ध्या तासाचं काम आहे. दिवेलागणीला आपण घरी. आणि नव्या फोनवर चिऊ आणखी स्पष्ट दिसेल.”

“मला स्पष्टच दिसते की ती.”

“याचा कॅमेरा त्याहून चांगला आहे.”

“सरी,” अक्का म्हणाल्या.

निघताना त्यांनी फोन ओल्या फडक्याने हळूच पुसला, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसला आणि क्षणभर दोन्ही हातांत धरून ठेवला. मुलीला सासरी पाठवावं तसा चेहरा झाला होता त्यांचा. मला भरून आलं, आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, फोन किती चकाचक दिसतोय याचा आनंदही झाला. त्यांनी खांद्याला कापडी पिशवी अडकवली. त्यात पाण्याची बाटली असेल असं मी धरून चालले.

दुकान मॉलमध्ये होतं. काउंटरवर काव्या नावाची मुलगी होती, गोड बोलणारी आणि अजिबात न बधणारी. (आमचं बोलणं हिंदी, कन्नड आणि इंग्रजीच्या मिसळीत चाललं होतं. मी आपलं मराठीत सांगते.) तिने जुन्या फोनमधलं सगळं नव्या फोनमध्ये उतरवलं, मग जुना फोन पूर्ण पुसून कोरा केला, आणि त्यानंतर सिम काढून आत टॉर्चचा झोत टाकला. तपासणी आधी का नाही केली, असं मी विचारलं. “प्रोसेस आहे, मॅडम,” ती म्हणाली.

झोत बराच वेळ आतच राहिला.

“मॅडम, पाणी गेलंय.”

“शक्य नाही.”

“सिमच्या खाचेत एक पांढरा ठिपका असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. हा लाल आहे.”

इथे मी आवाज चढवला. हा फोन ज्या बाईच्या हातात होता ती टीव्हीच्या रिमोटलासुद्धा प्लॅस्टिकची पिशवी घालते, या फोनला वर्षभरात पाण्याचा थेंबही लागलेला नाही, तुमचा ठिपका मुळातच लाल असेल, मी ग्राहक मंचात जाईन, मी बारीक मजकूर वाचलेला आहे, असं सगळं मी एका दमात बोलले. शेजारच्या काउंटरवर कव्हर निवडणारा माणूस कव्हर खाली ठेवून ऐकायला लागला. काव्याने शांतपणे फोन आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

मी आत पाहिलं. ठिपका लाल होता. पण ठिपक्याच्या आजूबाजूलाही लाल होतं. सगळी खाचच लाल होती. मी नखाने जरासं खरवडलं, बोट नाकाजवळ नेलं, आणि मागे वळून अक्कांकडे पाहिलं. अक्का दुकानाच्या छताकडे बघत होत्या.

“अक्का, फोनला कुंकू लावलंत?”

“फोनला कशाला लावू?” त्या म्हणाल्या. “चिऊला लावलं.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वाढदिवस, पाडवा, दसरा, काही निमित्त असलं की अक्का फोन पाटावर उभा करायच्या. चिऊ तिकडून कपाळ पुढे करायची आणि अक्का इकडून काचेवर, बरोबर तिच्या कपाळावर, कुंकू लावायच्या. कोरडं कुंकू काचेला धरत नाही म्हणून ओलं. वर अक्षता. त्या वेळी मी नेहमी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये असायचे आणि बाहेर येईपर्यंत फोन पुसून जागेवर गेलेला असायचा.

“आणि संक्रांतीला बोरन्हाण केलं,” अक्का म्हणाल्या. आता लपवण्यात अर्थ नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

“फोनवर?”

“परातीत ठेवला होता. वरून बोरं, उसाचे तुकडे, एळ्ळु-बेल्ल. पहिलं बोरन्हाण लेकराचं, सोडायचं कसं?”

एळ्ळु-बेल्ल म्हणजे संक्रांतीला इथे घरोघरी वाटतात ती तीळ, गूळ, खोबरं आणि शेंगदाण्यांची मिसळ. काव्याने हे ऐकलं, सुई उचलली, चार्जिंगच्या भोकात फिरवली आणि पांढऱ्या ट्रेमध्ये एक तीळ काढून ठेवला. आम्ही तिघी त्या तिळाकडे बघत राहिलो. कव्हरवाला माणूसही बघत होता.

मी तरीही हार मानली नाही. “हे बघ, ते लाल कुंकवामुळे आहे. पाणी नाहीच ना गेलेलं. कुंकू म्हणजे काही वॉटर डॅमेज नाही.”

“सिस्टिममध्ये कुंकू नाहीये, मॅडम. लाल म्हणजे पाणी.”

“पण पाणी लागलेलंच नाही!”

“लागलंय की,” अक्का मागून म्हणाल्या. “दर वेळी ओल्या फडक्यानं पुसते मी. तसाच ठेवीन काय?”

मी खाली बसले.

काव्या म्हणाली, यावर निर्णय कस्टमर केअर घेईल. कस्टमर केअरचं यंत्र म्हणालं, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि बासरी लावून निघून गेलं. पुष्कळ बासरी झाल्यावर एक बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुकानात जा असं सांगितलं. मी दुकानातच आहे म्हटल्यावर त्यांनी ओटीपी मागितला. ओटीपी गेला अक्कांच्या नंबरवर. अक्कांचं सिम होतं तिळाशेजारी ट्रेमध्ये.

जुना फोन कोरा झालेला, तो जगातल्या सगळ्या भाषांत पाळीपाळीने नमस्कार म्हणत होता. नवा फोन मंजुरी मिळेपर्यंत कुलूपबंद. मग मला एक भन्नाट युक्ती सुचली. अक्कांचं सिम माझ्या फोनमध्ये घालायचं! मी घाईघाईने माझं सिम काढलं, अक्कांचं घातलं, आणि ओटीपी खरंच आला. तो सांगायला मी फोन कानाला लावला तेव्हा लक्षात आलं, की त्या बाई माझ्या सिमवर बोलत होत्या.

बाहेर मॉलमधले दिवे लागले होते. अक्का भिंतीजवळच्या खुर्चीत मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. दुपारपासून त्यांनी एकदाही ‘चल’ म्हटलं नव्हतं. मी जवळ गेले तशा म्हणाल्या, “राहू दे गं. तिकडे सकाळ झालीय, आता घरी पोचेस्तोवर ती पाळणाघरात जाईल. पुढच्या वर्षी ओवाळू.”

पुढच्या वर्षी हे त्या इतकं सहज म्हणाल्या की मला रडूच आलं. अक्कांच्या वयाला पुढचं वर्ष काय असतं, हे कुठल्याच स्कीमच्या बारीक मजकुरात लिहिलेलं नसतं. अर्ध्या तासाचं काम आहे असं मीच म्हणाले होते.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. विद्याचा व्हिडिओ कॉल. “वहिनी, आई कुठाय? तिला मघापासून कॉल लागत नाहीये. आणि ही कपाळ पुढे करून बसलीय.”

अक्कांनी पिशवी उघडली. पाण्याची बाटली होतीच, पण तिच्याखाली ताट होतं, निरांजन, कुंकवाची कोयरी, अक्षता, सुपारी आणि रुमालात बांधलेली अंगठी. त्या दुपारपासून सगळी तयारी बरोबर घेऊन फिरत होत्या. माझ्या ‘दिवेलागणीला घरी’ यावर त्यांचा किती विश्वास होता, ते त्या ताटात स्पष्ट दिसत होतं.

काउंटरवर फोन उभा केला. निरांजन निघालं तशी काव्या धावत आली. “अज्जी, आग नको, प्लीज! वर सेन्सर आहे, सगळ्या मॉलमध्ये पाऊस पडेल.” अक्कांचा हात थांबला. काव्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ज्या टॉर्चने तिने आमचं बिंग फोडलं होतं तोच पेटवून ताटात उभा केला. “चालेल?”

“चालतं की,” अक्का म्हणाल्या.

त्यांनी बाटलीतल्या थेंबभर पाण्यात कुंकू कालवलं, बोट भरलं, फोनपर्यंत नेलं आणि काचेच्या अलीकडेच थांबवलं.

“हा तुझा फोन,” त्या मला म्हणाल्या. “तुझाही परत द्यायचाय ना, पुढच्या महिन्यात?”

द्यायचा होता. माझा फोन मी वर्षभर फुलासारखा जपला होता. कव्हर, काचेवर काच, स्वयंपाकघरात प्रवेश बंद. अक्कांनी बोट हवेतच वर नेलं आणि काचेला न शिवता टिळा काढल्यासारखं केलं.

चिऊने कपाळ कॅमेऱ्याला टेकवलं होतं. सगळ्या पडद्यावर कपाळच कपाळ. ती थांबली. मग जरा मागे सरकून तिने पाहिलं, आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला. “अज्जी, टिक्का?” तिने पुन्हा कपाळ आणून टेकवलं.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांचा हात धरला.

“लावा, अक्का.”

“परत घेणार नाहीत गं.”

“नकोत घेऊ.”

आणि मी त्यांचं बोट काचेवर टेकवलं. टिळा छान ठसठशीत उमटला. चिऊने स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला, हाताला लाल लागलंय का ते पाहिलं आणि खुदकन हसली. अक्कांनी अक्षता टाकल्या, त्यातल्या काही कव्हरच्या आत गेल्या. काव्याने टाळ्या वाजवल्या, कव्हरवाल्या माणसानेही वाजवल्या. मी अक्कांच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले, आणि त्यातलं थोडं पाणी, माझा अंदाज आहे, सिमच्या खाचेत गेलं.

अक्कांचा फोन आमच्याबरोबर घरी परत आला. अक्कांनी दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मी अडवलं नाही. पुढच्या महिन्यात मी माझा फोन घेऊन दुकानात गेले. कुंकू मी कोरड्या फडक्याने पुसलं होतं, त्यामुळे मला थोडी आशा होती. काव्याने खाचेत झोत टाकला, एक अक्षत बाहेर काढली, ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “मॅडम, चिऊ कशी आहे?”

घरी आल्यावर सुहासने हिशेब मांडला. दोन फोन आता कायमचे आपले, दोन्हींचे सगळे हप्ते आपले, आणि दरवर्षी नवा फोन मिळावा म्हणून जी वेगळी फी भरली होती तीही आपलीच. त्याने हे मला दोनदा समजावून सांगितलं.

मी म्हणाले, “सरी.”