खिचडीच्या रांगेचं गणित

“ताईचा हात हळू चालते. तिले काढून टाका,” शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले.

मारेगाव तालुक्यातली आमची शाळा. खिचडीची रांग सरेपर्यंत मधली सुट्टी संपायची आणि पहिलीची पोरं अर्धी खिचडी टाकून वर्गात पळायची. दोष सुशीलाताईंवर आला, कारण वाढायच्या त्याच. विधवा बाई, दुसरं काम नाही.

मी आठवीला गणित शिकवते. म्हटलं, “सर, थोडे दिवस द्या. पोरांकडून रांगेचं मॉडेल करून घेते.”

“अन् सिलॅबस?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“करते पुरा.”

मॉडेल म्हणजे खऱ्या गोष्टीचं आकड्यांतलं सोपं चित्र. पोरांनी मांडलं: एका ताटाला लागणारा वेळ गुणिले पोरं. उत्तर खऱ्या वेळेच्या निम्मंही येईना.

“मॅडम, चुकलं आपलं,” मुस्कान म्हणाली. तिचे अब्बू गॅरेज चालवतात.

“चुकलं नाही. काहीतरी धरायचं राहिलं.”

दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाईलचं स्टॉपवॉच लावून पोरं रांगेजवळ उभी राहिली. मुस्कान धावत आली. “मॅडम, ताई तं रिकाम्याच उभ्या राह्यतात. पोरं नळावरच अडकून राह्यली.”

हात धुवायला एकच नळ, त्याची धार करंगळीएवढी. तो वेळ धरला आणि उत्तर जुळलं. मग कागदावरच ताईंचा हात दुप्पट वेगानं चालवून पाहिला. काही फरक पडला नाही.

समितीपुढे मुस्काननं हे फळ्यावर मांडलं. अध्यक्षांनी विचारलं,

“म्हणजे दुसरी बाई आणली तरी?”

“रांग तेवढीच राहीन, काका. लहान्यायले घंटीच्या आधी सोडा, तं नळावर गर्दी होत नाही.”

तसं सुरू केलं. पहिलीची पोरं आता ताट पुसून उठतात. ताई राहिल्या. दुसऱ्या नळाची मागणी वर पाठवली आहे, तिचं अजून काही कळलं नाही.

घटक चाचणीत आठवीचा निकाल घसरला. दोन धडे शिकवायचेच राहिले होते. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, रांग बरी झाली. पण हा निकाल मी तपासणीच्या साहेबाले कसा दाखवू?”

सध्या रविवारी जादा तास घेते. मॉडेल करताना पोरांना गणित कळतं, यात मला शंका नाही. फक्त त्याचा तास वेळापत्रकात नसतो. तो आपल्या सुट्टीतून द्यावा लागतो.