कुंडलिकतात्याचं गप बसणं

लासुर्ण्याचा कुंडलिकतात्या उभ्या जन्मात बसून वाजवायला शिकला नव्हता. क्लॅरोनेट तोंडाला लागलं की त्याचे पाय आपोआप चालायला लागायचे. बँडवाल्याचं कामच तसं. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्याला परण्या म्हणतात. परण्यात ढोल-ताशे असतात, पितळी भोंगे असतात, आणि त्या सगळ्या गदारोळाच्या डोक्यावर चाल धरून ठेवायची ती क्लॅरोनेटनं. ते थांबलं की ढोलवाला मागं बघतो, घोडा उभा राहतो आणि नवऱ्याचा मामा काय झालं म्हणून आडवा येतो. त्यामुळं दम संपला तरी तात्या सूर सोडत नसे. गालात वारा साठवायचा, नाकानं नवा ओढायचा आणि वाजवत राहायचं. चुलत्यानं शिकवलेली विद्या. तिच्यावरच त्याचं नाव झालेलं.

पण परण्यात ऐकतंय कोण? पोरं नाचतात, फटाके फुटतात, म्हातारी माणसं जेवणाची चौकशी करतात. तात्या म्हणायचा, आपलं वाजवणं लोकांच्या पायाला कळतं, कानापत्तुर जात न्हाय. एकदा तरी माणसांनी खुर्च्यांवर बसावं आणि आपलं ऐकावं, एवढीच त्याची हौस होती. हौस जुनी, पण यंदा तिला घाई सुटली, कारण वरचा पुढचा दात हलायला लागला. क्लॅरोनेटची चोच वरच्या दातांवर टेकवून धरावी लागते. बारामतीच्या दाताच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं की हा काढावा लागेल, शेजारचाही भरवशाचा नाही. कवळी बसवू, भाकरी खाल, पण वाजवायची पकड पहिल्यासारखी येईल असं मी सांगणार नाही. तात्यानं एकदा खुर्च्यांपुढं वाजवून घेतो म्हणत दिवाळीपर्यंतची सवड मागून घेतली आणि सुपारीची शोधाशोध सुरू केली. परण्याची नव्हे, खुर्च्यांची.

ती ज्ञानेशनं आणली. ज्ञानेश जळोचीचा, शाळेत मास्तर, आणि संध्याकाळी भजनाला व्हायोलिनची साथ करणारा. वालचंदनगरच्या कॉलनीत स्वरूपा म्हणून एका इंजिनियरची बायको होती. माहेर पुण्याचं, पियानो शिकलेली, आणि लग्नात फ्रीज-कपाटाऐवजी पियानोच घेऊन आलेली. तिला दसरा झाल्यावर आपल्याच हॉलमध्ये चार माणसं वाजवणं ऐकायला बोलवायची होती. पियानो, व्हायोलिन आणि क्लॅरोनेट, एवढीच तीन वाद्यं. गाणारा नाही, तबला नाही. परदेशात म्हणे अशी रीत आहे, घरातल्या खोलीत तिघांनी बसून वाजवायचं.

तात्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लोकं बसणार हायती का?"

"बसणार हायती. सतरंजी न्हाय, खुर्च्या हायती."

"मग मी आलो."

पहिली संध्याकाळ सूर जुळवण्यातच गेली. दुसऱ्या खेपेला स्वरूपानं तीन चिजा पुढं ठेवल्या, यातली कुठली बसवायची ते तिघांनी ठरवू म्हणाली. एक विलायती, छापील, जलद चालीची. एक ज्ञानेशनं सुचवलेली, भूप रागातली. तिसरी पुन्हा विलायती, पण संथ. तात्याला छापील सूर वाचता येत नव्हते. ती त्याचा भाग पियानोवर वाजवून दाखवायची आणि तो कानानं उचलायचा. उचलायला चलाख होता. भानगड पुढंच होती.

जलद चीज सुरू झाली तशी तात्याच्या आवाजानं काचेच्या कपाटातल्या कपबशा वाजायला लागल्या. ज्ञानेशचा गज हलताना दिसत होता, आवाज काही येत नव्हता. त्यात भर म्हणजे तात्या उठला आणि वाजवत वाजवत हॉलमधून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आला. ज्ञानेश म्हणाला, "तात्या, मारुतीचं देऊळ तिकडं न्हाय." तात्याही हसला, पण बसला की त्याचा दम छातीतच अडकायचा. ती चीज बाद झाली. भूप बरा जमला, पण त्यात व्हायोलिन आणि क्लॅरोनेट एकच चाल वाजवणार आणि पियानो नुसता ठेका धरणार. स्वरूपा स्वतःच्याच घरात पाहुणी असल्यासारखी बसली होती. हे ज्ञानेशनं ओळखलं आणि त्यानंच भूप मागं घेतला.

राहिली संथ. ती तिघांनाही आवडली. खर्जातले लांब सूर, तात्याच्या क्लॅरोनेटमध्ये असा आवाज आहे हे त्यालाच माहीत नव्हतं. परण्यात खर्ज वाजवून कोण ऐकणार? दातालाही ती सोसत होती, जोर लागत नव्हता. पण तिच्या मधोमध एक मोठा पट्टा असा होता की तिथं क्लॅरोनेटनं काहीच वाजवायचं नाही. नुसतं बसायचं. पियानो आणि व्हायोलिन आपापसात बोलणार, आणि बऱ्याच वेळानं क्लॅरोनेट त्यांच्यात हळूच येणार.

तात्या तिथं थांबेना. जागा मोकळी दिसली की भरायचा. स्वरूपा दरवेळी हात वर करायची आणि सांगायची की इथे तुम्ही थांबायचं.

"ताई, मी थांबलो की समदं थांबंल."

"नाही थांबणार. आम्ही दोघं आहोत ना."

हे त्याच्या डोक्यात शिरत होतं, पण गालात शिरत नव्हतं. गाल आपले वारा साठवूनच बसलेले. शेवटी तो चिडला. आयुष्यात एकदा खुर्च्यांपुढं वाजवायला मिळतंय, त्यानंतर दात जाणार, आणि त्यातही निम्मा वेळ गप बसायचं म्हणजे काय, असं म्हणून त्यानं आपली चीज काढली. लग्नातलीच चाल, पण तिच्यात क्लॅरोनेट पहिल्यापासून शेवटपर्यंत वर. ही बसवा, न्हायतर दुसरा बघा. स्वरूपा म्हणाली, बघू या बसते का.

त्या दिवशी तात्याची बायको सारजा बरोबर आली होती. रानातल्या गवारीची पिशवी स्वरूपाला द्यायला म्हणून आली आणि खुर्चीवर टेकली. लगीनसराईत नवरा गावोगाव हिंडायचा, ही घरी म्हशीचं बघायची. बँड गावातून जायचा तेव्हा दारात उभी राहायची तेवढंच काय ते तिचं ऐकणं.

तात्यानं लग्नाची चाल घेतली. जोरात, वरच्या सुरात. निम्म्यावर आला आणि क्लॅरोनेट चिरकलं. परत घेतली, परत तिथंच चिरकलं. दात हलला की चोच सरकत होती. त्यानं रुमालानं तोंड पुसलं, रुमाल बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला.

काही ठरेना, म्हणून स्वरूपानं संथ चीज पहिल्यापासून घेतली. मधला पट्टा आला. तात्या रुसल्यासारखा खरंच थांबला. पुढं परत वाजवायला लागला, चीज संपली. मग तात्यानं सारजाला विचारलं, तुला कसं वाटलं. ती म्हणाली, तसलं मला काय कळत न्हाय.

"न्हाय पर सांग की," तात्या म्हणाला.

"मधी तुमी थांबला तवा मला वाटलं इसरला. मग म्हनलं, येतील आता. तुमचीच वाट बघत बसले व्हते. वाजवत असता तवा कोण वाट बघतंय तुमची?"

तात्यानं क्लॅरोनेटची चोच उगीचच झटकली. म्हणाला, हीच धरा मग.

दसऱ्यानंतरच्या रविवारी स्वरूपाच्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या. कॉलनीतली माणसं होती, ज्ञानेशच्या शाळेतली दोघं-तिघं होती, आणि पुढच्याच रांगेत बँडचा मालक युवराज, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सारजा खिडकीजवळ बसली. तात्या बसून वाजवायला लागला. पाय चालले, पण खुर्चीखालीच, चपलेतल्या चपलेत.

मधला पट्टा आला. तात्यानं क्लॅरोनेट तोंडातून काढलं आणि गुडघ्यावर उभं धरलं. पियानो चालला होता, व्हायोलिन चाललं होतं. युवराजला ते सोसेना. परण्यात मागून करायचा तसाच हात त्यानं मांडीवरून हलवला, वाजीव, वाजीव. तात्यानं त्याच्याकडं बघितलं. गालात वारा भरलेला होता, तो त्यानं हळूच नाकानं सोडून दिला आणि मान हलवली. न्हाय. युवराजनं हात मांडीखाली घेतला. कुणी आडवं आलं नाही, कुणी मागं बघितलं नाही. व्हायोलिन खाली खाली येत गेलं, आणि ते जिथं टेकलं तिथून तात्यानं खर्ज उचलला. खिडकीजवळ सारजा तोवर पदराच्या टोकाला पीळ घालत होती, तो तिनं सोडला.

बाहेर आल्यावर युवराज म्हणाला, "तात्या, तुमी मधी इतका येळ बसला, मला वाटलं बिल कमी करत्यात का काय." तात्या म्हणाला, "बसायचंच जास्त असतंय त्यात, मालक." चहा झाला, चिवडा झाला. एक म्हातारे साहेब येऊन विचारून गेले की पुन्हा कधी वाजवणार. तात्या म्हणाला, बघू, दात काय म्हणतोय.

दात काही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी सारजाला घेऊन बारामतीला जाऊन तो काढला. डॉक्टरांनी कापूस दाबून धरायला सांगितलं आणि हात धुता धुता विचारलं, काय तात्या, कसा झाला कार्यक्रम. तात्याच्या तोंडात कापूस. त्यानं सारजाकडं बोट केलं.

"निम्मा येळ गप बसलं व्हतं," सारजा म्हणाली. "पर चांगलं वाजीवलं."