पदराची गाठ

सोलापूरजवळच्या वळसंगच्या स्टँडवर एसटीची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो, मी, आई आणि आप्पा. मला पुण्याला नोकरी लागली होती. आई पदराच्या टोकाची गाठ बोटांनी चाचपत होती. काहीतरी ध्यानात राहावं म्हणून तिनं ती आदल्या दिवशी मारली होती आणि आता कशासाठी ते तिला आठवत नव्हतं. "कशाची गं मारली मी ही?" ती पुन्हा पुन्हा मलाच विचारत होती. लांबून गाडी दिसली, मी बॅगेत हात घालून चाचपलं. सर्टिफिकिटांची फाईल घरीच राहिली होती. "व्हय की! फायलीचीच गाठ ही!" आई ओरडली. आप्पा मोटरसायकल घेऊन परत गेले, ती एसटी गेली, पुढची मिळाली. फाईल हातात देताना ते चार लोकांत म्हणाले, "आई तशी लेक. दोगी बी येंधळ्याच." आई हसली, मीही हसले. गाडी सुटल्यावर खिडकीतून बघते तर तिनं कपाळावर हात मारून घेतला. शेंगाचटणीचा डबा चुलीपाशीच राहिला होता.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, एक गोष्ट तुम्हालाही जाणवली असेल. घरात आपलं उणं झाकलेलं असतं. मी दूध उतू घालवायचे, शाळेतून एका पायात चप्पल घालून यायचे, दुकानात जाऊन काय आणायचं तेच विसरायचे. पण भिंतीपलीकडून चुलती हाक मारायची, "पल्ले, दूध गेलं बग!" आणि दूध वाचायचं. आईचंही तसंच होतं, फक्त मी लेकरू म्हणून मला कौतुकानं हसत आणि तिला नुसतं हसत. बाजार, बँक, पाव्हण्यांची देणीघेणी, असलं काही निघालं की आप्पा म्हणायचे, "हिला सांगू नगा, इसरंल." मग आई चहा ठेवायला आत जायची. तिचं आत जाणं इतकं नेहमीचं होतं की कुणी मान वर करून बघतही नसे.

पुण्यात हाक मारायला कुणी नव्हतं. विमा कंपनीत मेडिक्लेमची कागदपत्रं तपासायचं माझं काम. मोबाईलला अलार्म लावायचे आणि तो बंद करताना कशासाठी वाजला तेच विसरायचे. एक मेल अर्धा टाकून दुसरा उघडायचा, तोही अर्धाच. कधी याच्या अगदी उलट, एखाद्या किचकट केसमध्ये अशी बुडून जायचे की जेवायचं भान नसायचं, आणि ती केस मी अशी सोडवायचे की सगळे शाबासकी देत. म्हणून तर लोकांना वाटायचं, हिला जमतं, पण ही मुद्दामच काम टाळते. मग एकदा एका पेशंटची कागदं दुसऱ्याच्याच क्लेमला जोडली. केतकी, माझी मॅनेजर, मला आत बोलावून म्हणाली, दिवाळीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर कंपनी तुला ठेवणार नाही. नोकरी गेली तर आप्पा काय म्हणणार ते मला पाठ होतं. "बास झालं पुणं. ये घरी." घराची ओढ वेगळी आणि घरी परत पाठवलं जाणं वेगळं. मी घाबरून गेले.

माझी रूममेट शबाना सोलापूरचीच, शुक्रवार पेठेतली. तिनं मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन-तीनदा बोलावून, शाळेपासूनचं सगळं विचारून सांगितलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही. हा आळस नाही, बेफिकिरी नाही, तुझ्या मेंदूची घडणच तशी आहे. गोळी दिली. "घरात आणखी कुणाला असं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. जिना उतरताना मला आईचा पदर आठवला आणि मी पायरीवरच बसून रडले.

आता प्रश्न होता केतकीला सांगायचं का. गोळीनं डोक्यातला गलका कमी झाला होता, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. कामं तोंडी न सांगता कुणी लिहून दिली असती, बसायला जरा शांत जागा मिळाली असती, तर मी तरले असते. पण ते मागायचं तर कारण सांगावं लागणार. शबानानं साफ सांगितलं, "नक्को बोल गे. तू मदत मंगने जाती, वो लोगां ऐब समझते." मदत मागितली की लोक त्यात खोट बघतात, हे तिचं पटत होतं, पण दिवाळीला दोनच महिने उरले होते. मी सांगितलं.

केतकी बाई वाईट नाही. "बरं झालं बोललीस," म्हणाली, पाणी दिलं, कोपऱ्यातलं टेबल दिलं. कामं लिहून येऊ लागली, चुका कमी झाल्या, नोकरी टिकली. पण किचकट केसेस येणं बंद झालं. मग मीटिंगची बोलावणीही थांबली. कारण विचारलं तर म्हणाली, तुला ताण नको म्हणून गं. एकदा पँट्रीत चहा घेत होते. दाराबाहेर कुणीतरी नव्या केससाठी माझं नाव घेतलं आणि केतकीचा आवाज आला, "तिला नको सांगू. तिचं माहितीये ना." मी कप हातात धरून तशीच आत उभी राहिले. माझ्या आईसारखी.

दिवाळीला गावी गेले. आई भाकऱ्या थापत होती, आप्पा बाहेर होते. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आई, तुला बी हाय ते." तिचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपली.

"मंजी... मी येंधळी न्हाय?"

"न्हाय आई."

तिनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले. "नाव काय म्हनलीस त्येचं?" मी परत सांगितलं. तिनं पुटपुटून बघितलं आणि पदराला गाठ मारली. "इसरंन मी. पर आप्पास्नी बोलू नगंस. डोस्क्याचं औशद म्हनलं की घरी बसवतील तुला."

जेवताना आप्पांचं लक्ष त्या गाठीकडे गेलं. "आता ही कशाची? का इसरली येंधळी?"

माझ्या तोंडात शब्द आले. वेंधळी नाही ती, आप्पा. पण तिचं सांगितलं असतं तर माझंही बाहेर पडलं असतं. आईनं एकदाच माझ्याकडे बघितलं. मग गाठ सोडता सोडता हसली. "इसरलेच की बगा. दळनाची असंल."

आप्पा हसले आणि भाकरीचा तुकडा मोडला. मी ताटात बघत राहिले.

मी पुण्याला परत आले. कोपऱ्यातल्या टेबलावर बसते, वेळेवर गोळी घेते. घर कुठलं असं कुणी विचारलं की वळसंग म्हणते. तिथे एक बाई आहे. आयुष्यात एकदा तिला सगळं नीट आठवत होतं, आणि मला पुण्यात राहता यावं म्हणून तिनं ते विसरल्याचं सोंग केलं.