टायटॅनियमच्या तीन कांड्या

धातूंच्या प्रयोगशाळेतलं दाबयंत्र ताई एकोणीस वर्षं चालवत होती. टायटॅनियम आणि इतर धातूंची भुकटी साच्यात दाबून, न वितळवता भट्टीत भाजली की बोटाएवढ्या कांड्या व्हायच्या. त्या पुन्हा लाल होईपर्यंत तापवून दाबायच्या आणि धातू कसा पसरतो, कुठे तडकतो ते पाहायचं. आत बारीक भोकं राहिलेली असतात, घाई केली की कड फाटते, हे ताईला तोंडपाठ होतं.

मग तिची सख्खी धाकटी बहीण तिथेच शास्त्रज्ञ म्हणून आली. प्रयोगशाळेच्या दारावर तिच्या नावाची पाटी लागली. ताई जिथे डबा खायची त्या कोपऱ्यात तिचं टेबल आलं. साहेब तिला 'मॅडम' म्हणत. जिच्या वेण्या घातल्या, जिला पाढे शिकवले, तिने सांगायचं आणि आपण बटण दाबायचं, हे ताईच्या घशाखाली उतरेना. कुणी धाकटीचं कौतुक केलं की तिच्या पोटात दुखायचं.

"ताई, आठशे अंशांवर ठेव, आणि वेग वाढव," एका सकाळी धाकटी म्हणाली. तीनच कांड्या उरल्या होत्या. एकेक करायला महिना लागलेला.

फाटणार, हे ताईला दिसत होतं. ओठांवर आलेलं तिने गिळलं. "तू म्हणशील तसं."

पहिली कडेने उकलली. दुसरीही. साहेब आले, यंत्राकडे संशयाने पाहू लागले.

"आकडे माझे होते. चूक माझी," धाकटी म्हणाली.

ताई आणखीच जळली. मोठेपणाही हिनेच घ्यावा?

साहेब गेल्यावर मात्र तिला राहवेना. "मला माहीत होतं फाटणार."

"कळलं मला. एरवी मी पाणी प्यायले तरी तू सूचना देतेस. आज दोनदा गप्प बसलीस." धाकटीने उकललेली कांडी हातात घेतली. "एवढा राग आहे माझा?"

"राग नाही गं. हेवा वाटतो."

धाकटीने तिसरी कांडी पुढे सरकवली. "तुझ्या मनासारखी दाब."

ताईने साडेनऊशेपर्यंत तापवली, वेग अगदी मंद ठेवला. कांडी मेणासारखी बसत गेली. कड अखंड राहिली.

अहवालात धाकटीने आपल्या नावाखाली ताईचं नाव घातलं. ताईने ते दोनदा वाचलं. बरं वाटलं, तरी 'खाली का?' हे मनात आलंच. पण पुढच्या आठवड्यात धाकटीने नवा वेग सांगितला, तेव्हा ती पटकन म्हणाली, "एवढा नको. फाटेल."