पूर्वेकडे फिरवलेली मशीन

२०२३ साल. माझं वय अडुसष्ट. वणीजवळच्या एका वर्कशॉपात मी जॅकचा दांडा धरून उभा होतो आणि मालक मनोहरशेठ मला दिशा दाखवत होते.

"मुकादम, हिचं तोंड दक्षिणेले आहे. पूर्वेले करून द्या. दसऱ्याची पूजा पूर्वेकडूनच झाली पाहिजे, असं गुरुजी म्हणून राह्यले."

माझा धंदा रिगिंगचा. म्हणजे जड वस्तू उचलायची, सरकवायची आणि सांगितलेल्या जागी बसवायची. शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळं कोळसा खाणीतले पंप आणि कापसाच्या जिनिंगच्या मोटरा हलवता हलवता शिकलो. आमचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. माल पोचला नाही, असं आमच्या तांड्याबद्दल कोणी बोललेलं मी ऐकलं नाही.

ही मशीन बाहेरच्या देशातून आलेली होती. पोलादाचा ठोकळा बांधा, ती त्याला चहूबाजूंनी वळवून कापायची. अणुवीज केंद्राच्या पंपाचे भाग करायची ऑर्डर शेठला मिळाली, म्हणून ती आणली. त्याच ऑर्डरवर माझा मुलगा किसन ऑपरेटर लागला. तांड्यातली त्याच्या वयाची पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला गेली होती. हा एकटा राहिला होता. त्याची आई गेल्यापासून घरात मी, किसन, सून आणि नात.

किसन म्हणाला, "बा, पह्यले मशीनच्या कंपनीले फोन करू ना. हलवायची असंन तर आमाले सांगा, असं ते म्हणत होते."

"हलवून कुठी राह्यलो आपण?" शेठ म्हणाले. "जाग्यावरच फिरवतो. घरातला पलंग फिरवाले कोणी दुकानदाराले पुसते काय?"

मी किसनला म्हटलं, "तू बाजूले हो."

मेन स्विच बंद केला. बोल्ट सोडले, चारी कोपऱ्यांना जॅक लावले, खाली रोलर घातले. दुपारपर्यंत मशीन पूर्वेकडे. लेव्हल लावून पाहिली, सुताचाही फरक नव्हता. शेठनं हार घातला, नारळ फोडला. किसननं मेन चालू केला.

स्क्रीन लाल झाली. मशीन लॉक. किसननं सगळी बटणं दाबून पाहिली, काही झालं नाही.

दसरा तसाच गेला. मशीन फिरवल्यावर चार दिवसांनी शेठ म्हणाले, "मुकादम, होती तशी करून टाका. दक्षिणेले तर चालत होती."

"आता तरी हात नका लावू, बा," किसन म्हणाला.

"मशीन तुही आहे का शेठची?" मी म्हटलं, आणि फिरवली. स्क्रीन लालच राहिली. मग शेठनं कंपनीला फोन केला.

पुण्याहून इंजिनिअर आला. तरणा पोरगा, बोलायला चांगला. त्यानं लॅपटॉप जोडला, बराच वेळ पाहत बसला. मग मला समजावलं.

"काका, हिच्यावर पंपाचे भाग होतात, तसेच बॉम्बच्या कारखान्याला लागणारेही होतात. म्हणून देणारा देश आधी वचन घेतो. वापर विजेसाठीच करायचा आणि आम्हाला विचारल्याशिवाय जागा सोडायची नाही. आत एक डबी आहे. मेन बंद असला तरी तिला हलणं कळतं. मग मशीन स्वतःला कुलूप लावून घेते."

"आमी काय बॉम्ब करून राह्यलो इथं?"

"तसं नाही हो. पण डबीत दोनदा हलल्याचं दिसतं. एकदा हलली, चार दिवसांनी पुन्हा हलली आणि आता जुन्याच जागेवर आहे. तिकडे पाहणाऱ्याला वाटणार, बाहेर नेली, काहीतरी केलं आणि आणून ठेवली."

"बाहेर गेलीच नाही. खाली पाहा. रोलरचे ओरखडे गोल आहेत. दाराकडे एक तरी दिसते का?"

तो खाली बसला. ओरखड्यांवरून बोट फिरवलं, फोटो काढले.

"मला पटलं, काका."

"मंग खोला कुलूप."

"ते माझ्या हातात नाही. तिकडचं सरकार हो म्हणालं, तरच कंपनी मला खोलायला सांगणार."

दिवाळी गेली. संक्रांत गेली. तिकडून फक्त प्रश्न यायचे. कोणी हलवली, कशासाठी हलवली. किसन उत्तरं लिहायचा. वास्तुशास्त्र त्या लोकांना कसं समजावणार? शेवटी अणुवीज केंद्रानं ऑर्डर दुसरीकडे दिली. शेठनं मशीनवर ताडपत्री टाकली आणि ऑपरेटरांना घरी बसवलं. कुलूप आजही तसंच आहे.

किसननं पुण्याला काम पाहिलं. मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर मी भांडलो असतो. माझं काम चोख होतं, हे मी आजही म्हणतो. त्या चोखपणाचा कोणाला काही उपयोग झाला नाही. एवढंच समजलं, की पैसे मोजून आणलेली मशीनही आपल्या मालकीची असतेच असं नाही. कोणत्या बोलीवर आली, ते आधी विचारावं.

जायच्या आदल्या रात्री किसन आणि सुनेनं सामान बांधलं. सकाळी मी नातीसह तिघांना यवतमाळच्या एसटीत बसवलं. पुढं त्यांना पुण्याची गाडी होती.

"बा, आता जड कामं घेऊ नका," किसन खिडकीतून म्हणाला.

"मंग काय करू?"

गाडी निघाली. घाटंजीच्या जिनिंगवाल्याचा फोन येऊन गेला होता, मोटर सरकवायची होती. मी जॅक टेम्पोत टाकले आणि गेलो.