टॅक्स नसलेल्या गावात हमीदभाईंचा अभ्यास

त्या दिवशी सकाळपासून शमाल सुटला होता. शमाल म्हणजे इकडचा वायव्येचा वारा. आभाळ पिवळं, खाडीचं पाणी मातकट, आणि बोलायला तोंड उघडलं की दाताखाली वाळू. दार घट्ट लावलं तरी ती भाकरीच्या पिठात यायचीच. किस्सेही तसेच असतात. कुठून आत शिरतात कळत नाही, आणि झटकायला गेलं की आणखी निघतात. त्या दिवसाचं शेवटी सांगतो. आधी माणसं सांगितली पाहिजेत.

मी शाळेत गेलो नाही. आता दुबईतल्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये बसून मी बोलतो आणि नात लिहून घेते. मी मध्येच थांबलो की ती म्हणते, "कंटिन्यू, नाना." तर कंटिन्यू.

साठच्या दशकातली गोष्ट. बर दुबईत, खाडीजवळ, आम्हा तिघांची एक खोली होती. तिघेही रत्नागिरीकडचे. मी धक्क्यावर माल उतरवायचो आणि घरी रांधायचो. दाऊदचाचा शिंपी, कात्री हातात कमी आणि जिभेवर जास्त. आणि हमीदभाई. मुंबईत वकिली शिकलेले, इथे एका व्यापाऱ्याची पत्रं लिहायचे. शेजारी अबू खमीस राहायचे, इथलेच. तरुणपणी समुद्रात बुडी मारून मोती काढायचे. मोत्यांचा धंदा बसला, तेव्हापासून मासे विकत होते. आमच्याशी हिंदीत बोलायचे, त्यांच्या चालीने.

हमीदभाई युरोपातल्या एका युनिव्हर्सिटीचा कोर्स पोस्टाने करत होते. वकिलीच्याही वरचा. एका मुलखातला माणूस दुसऱ्या मुलखात कमावतो, तेव्हा त्याचा टॅक्स कोणी घ्यायचा? युरोपातल्या सहा देशांनी मिळून एक बाजार मांडलाय, तिथे कसा घ्यायचा? असलं सगळं. शेवटी एक मोठा निबंध लिहून पाठवायचा, त्याला ते थिसिस म्हणत. तो पास झाला तर तिकडे जाऊन पुढे शिकायला जागा होती. मुदत एकदा वाढवून मिळाली होती. दुसऱ्यांदा मिळणार नाही, असं पत्र आलं होतं, ते हमीदभाई उशीच्या अभ्र्यात ठेवून झोपायचे.

दाऊदचाचा पहिल्याच दिवशी म्हणाले, "अरे, या गावात टॅक्सच नाही. तू वाळवंटात बसून छत्री दुरुस्त करायला शिकतोयस."

हमीदभाई म्हणाले, "चाचा, पाऊस नसतो तिथेच छत्री निवांत उघडून बघता येते."

चाचा सुईत दोरा ओवायला लागले.

*

बाजारात बातमी फुटायला आठवडा लागला. कोणीतरी म्हणालं, खाडीजवळच्या खोलीत टॅक्सचा अभ्यास करणारा माणूस आलाय. एवढंच. पण ज्या गावात टॅक्स नाही, तिथे टॅक्स शिकणारा माणूस कशाला येईल? लावायलाच येणार!

भाजीवाला मला कोथिंबीर फुकट द्यायला लागला. कापडवाल्याने अर्धे तागे मागच्या खोलीत नेऊन ठेवले. न्हाव्याने हमीदभाईंची दाढी करता करता हळूच विचारलं, "साब, कब से?"

शेवटी हमीदभाई चहाच्या दुकानात उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, "मैं सिर्फ पढ़ता हूँ."

चहावाला मान हलवून म्हणाला, "पहले सब पढ़ते ही हैं."

कोथिंबीर आणखी दोन महिने येत राहिली.

*

हमीदभाई पहाटे, फजरच्या नमाजानंतर मोठ्याने वाचायचे. मी चुलीपाशी असायचो. इंग्रजी कळत नसे, पण आवाज ऐकत राहावा असा. एवढा बारीक विचार माणसं बसून करतात, याचंच मला नवल वाटायचं. कोणी कोणावर अन्याय करू नये म्हणून समुद्रापार बसलेल्या कोणीतरी स्वल्पविराम कुठे द्यायचा यावर डोकं लावलेलं!

एकदा ते वाचता वाचता अडले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "परक्या मुलखातली कंपनी आपल्याकडे येऊन धंदा करते. कधी म्हणायचं की ती आता इथली झाली? चार पानं लिहिलीत, पण मला अजून पकड येत नाही."

मी पीठ मळत होतो. म्हटलं, "हमीदभाई, आमच्या गावच्या खाडीवर दुसऱ्या गावचा कोळी येतो. त्याने जाळं वाळत घातलं तर तो पाहुणा. खुंटा ठोकला तर गावकरी. मग त्याने गावच्या वर्गणीत यायचं."

त्यांनी पेन उचललं. मग म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं. त्यांनी ते इंग्रजीत लिहून घेतलं आणि थिसिसमध्ये घातलं. खाली माझं नाव लिहिलं. मला दाखवलं तेव्हा मी विचारलं, "यातलं माझं नाव कुठलं?" त्यांनी बोट ठेवलं. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या, आणि सगळ्यांनी त्या तशाच खाल्ल्या. चाचांनीसुद्धा.

*

चाचांना हा अभ्यास पटला तो एका शर्टावर.

फ्रान्समध्ये टॅक्सची नवी रीत निघाली होती. हमीदभाई समजावून सांगत होते: सूतवाला, विणणारा, शिवणारा, विकणारा, प्रत्येकाने मालात आपण जेवढी भर घातली तेवढ्यावरच द्यायचं.

चाचा मशीन थांबवून म्हणाले, "म्हणजे कापडावर माझ्याकडून नाही? फक्त माझ्या टाक्यांवर?"

"फक्त टाक्यांवर."

चाचांनी मशीनवरचा शर्ट उचलून टाके उजेडात धरले. "तीस वर्षं शिवतोय," ते म्हणाले, "कापडापासून माझं काम वेगळं काढून आजवर कोणी बघितलं नव्हतं."

त्यानंतर हमीदभाई वाचत असले की ते मशीन चालवायचे नाहीत.

*

मग ते पुस्तकाचं झालं. महत्त्वाचं पुस्तक बोटीने आलं. बोटी तेव्हा बाहेर समुद्रात थांबायच्या आणि माल छोट्या पडावातून यायचा. पडावात पाणी शिरलं. पार्सल उघडलं तर पुस्तक भिजून पावासारखं फुगलेलं.

मी पान न् पान सोडवून गच्चीवर वाळत घातलं आणि प्रत्येकावर खजुराची एकेक बी ठेवली. बियांचं ते काय वजन! दुपारी वारा आला आणि आंतरराष्ट्रीय टॅक्स बर दुबईभर उडाला. पोरं, बायका, बकऱ्या, सगळे पानांमागे. संध्याकाळपर्यंत एक सोडून सगळी पानं परत आली. ते एक चौथ्या दिवशी अबू खमीसनी आणून दिलं, रुमालात गुंडाळून. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणाले, "अल्लाह का नाम भी हो सकता है, इसलिए नीचे नहीं रखा."

मी त्या दिवशी मनाशी ठरवलं: यापुढे हमीदभाईंच्या कागदावर वजन ठेवायचं ते दगडाचं. हे लक्षात ठेवा.

*

थिसिसचा गाभा एकच होता: माणूस कुठला धरायचा? त्याची एक रीत म्हणजे दिवस मोजणे. वर्षातले जास्त दिवस जिथे, माणूस तिथला. हमीदभाईंनी माझेच दिवस मोजले. गावात किती, इथे किती, मधे लाँचवर किती.

अबू खमीस दारात बसून ऐकत होते. म्हणाले, "हमीद, हम मोती के मौसम में चार महीना समंदर पे. पाँव में पत्थर बाँधो, नीचे जाओ. फिर ऊपर. फिर नीचे. जो टाइम नीचे था, वो किस मुल्क का?"

हमीदभाईंनी पेन खाली ठेवलं. तीन दिवस पुस्तकं चाळली. मग स्वतः त्यांच्या घरी गेले. "किताब में नहीं है, अबू खमीस."

अबू खमीस म्हणाले, "किताब लिखनेवाला कभी नीचे गया नहीं."

*

आता तो शमालचा दिवस.

थिसिस तयार होता. चाचांनी तो दुहेरी मेणकापडात शिवला, टाक्यांवर मेणबत्ती घासली. खाडीपलीकडे देराच्या धक्क्यावरून लाँच सुटायची, ती टपाल बोटीवर नेऊन द्यायची. ती चुकली तर पुढची बोट मुदतीनंतर. ते पुडकं एका थैलीत घालून माझ्याकडे दिलं होतं. वारा असा, की मला ती गच्चीवरची पानं आठवली. निघताना मी थैलीत आमचा वरवंटा टाकला. कोणाला सांगितलं नाही.

आब्रात, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, आम्ही चौघे. अबू खमीस मासळीच्या टोपल्यांसाठी पलीकडे येणारच होते. आब्रा धक्क्याला लागली, मी पाय उचलला, लाट आली, आणि थैली माझ्या हातातून गेली. नुसते कागद असते तर तरंगले असते. वरवंटा घेऊन ती सरळ खाली.

हमीदभाई धक्क्यावर बसले. फक्त म्हणाले, "खलास." पुढे लाँचचं इंजिन सुरू झालं होतं.

चाचा माझ्याकडे वळले. "बुडाली कशी?"

मी सांगितलं.

अबू खमीस डोक्याचं कापड सोडत होते. त्यांनी मला विचारलं, "अंदर पत्थर है?"

"है."

"अच्छा है. पत्थर सीधा जाता है."

वीस वर्षांत त्यांनी बुडी मारली नव्हती. दोन बोटांनी नाक धरलं आणि गेले. पाणी इतकं गढूळ, की क्षणात काही दिसेना. मी श्वास धरला. माझा संपला, परत घेतला, तोही संपला. ते वर आले रिकामे. कोणाकडे न बघता पुन्हा गेले. लाँचवाल्याने इंजिन बंद केलं. धक्क्यावर नुसता वारा.

आधी पाण्यावर थैली आली, मग त्यांचं डोकं.

चाचांनी तिथेच बसून पुडक्याचे टाके उसवले. पहिलं पान कोरडं. शेवटचं पान कोरडं. त्यांनी परत शिवलं, आणि लाँचवाल्याने थैली दोन्ही हातांनी घेतली, वरवंटा मात्र माझ्या हातात दिला.

हमीदभाई अबू खमीससमोर उभे राहिले. त्यांनी आपला कोरडा रुमाल पुढे केला. अबू खमीस आपल्या अंगरख्याचं पाणी पिळत होते. पिळता पिळता म्हणाले,

"हमीद, आज मैं दो बार नीचे गया. ये दिन कौन से मुल्क में लिखेगा?"